सीआयडी नानांची डावरी माणसं

हुरडा खायला दात लागत नाहीत, म्हणून मी अजून खाते. बाकी पुष्कळ सुटलं. ऊस सुटला, कडक भाकरी सुटली, शेंगदाणे कुटून दिले तरच चालतात. पण मार्गशीर्ष निम्मा सरला, सकाळी अंग कोरडं पडायला लागलं आणि ज्वारीच्या कणसात दूध भरलं की मला घरात बसवत नाही.

परवा नातवानं अक्कलकोटच्या रस्त्याला नेलं. आता त्याला हुरडा पार्टी म्हणतात. शेताच्या तोंडाशी पाटी, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, कर्ण्यावर गाणी. कणसं चोळायला माणूस ठेवलेला असतो आणि हुरडा कागदी द्रोणात हातात येतो. ज्याला गरम कणीस स्वतःच्या तळहातावर चोळायचं नाही त्यानं हुरडा खाऊ नये, असं माझं मत आहे. मला कुणी विचारलं नाही. खाल्ला. बरा होता.

नातवाचा मुलगा पाय वर घेऊन चित्रांच्या गोष्टीचं पुस्तक वाचत बसला होता. शेतात आणलं तरी पोर पुस्तकातच. म्हणाला, "पणजी, यातलं सगळं खरं आहे."

"कशावरून?"

त्यानं पुस्तक उलटं करून मागचा मजकूर दाखवला. लेखक आधी गुप्तहेर खात्यात नोकरीला होता, असं तिथं छापलं होतं.

"त्याला सगळं माहीत असतं. त्यानं मुद्दाम लपवून लपवून लिहिलंय. हे बघ, या माणसाच्या टोपीवर सतरा आकडा आहे. तो उगाच नाही."

मी चष्मा लावून बघितलं. सतराच होता. म्हटलं, "चित्र काढणाऱ्याला टोपी रिकामी वाटली असंल."

पोराला ते आवडलं नाही. त्यानं पुस्तक ओढून घेतलं. आगटीतल्या गोवऱ्यांचा धूर वाऱ्यानं माझ्याकडं वळला, डोळे चुरचुरले आणि सीआयडी नाना समोर येऊन बसले. उंच, वाकलेले, काळा कोट, कानात पेन्सिल. सत्तर वर्षं झाली असतील. मला त्यांची भीती वाटायची. खरं सांगते, अजून वाटते.

त्या वर्षी मी दहाची होते. चौथी पास झाले आणि शाळा संपली. मुलीची शाळा चौथीलाच संपायची, त्यात रडण्यासारखं कुणाला काही वाटत नव्हतं. आबा, म्हणजे माझे वडील, शिळाछापखान्यात दगड घासायचे. गिरण्यांच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर रंगीत तिकिटं चिकटवत. हत्ती, मोर, कमळात बसलेली बाई. ती चित्रं पाट्यासारख्या जाड गुळगुळीत दगडावर काढायची, त्यावर शाई फिरवायची आणि कागद दाबायचा. काम झालं की दगडावर वाळू आणि पाणी टाकून दुसऱ्या दगडानं घासायचं, चित्र जायचं, दगड पुन्हा कोरा. ते घासणं आबांचं. त्यांच्या बोटांच्या टोकांवर रेषाच उरल्या नव्हत्या. मी लहान असताना मला वाटायचं, देवानं आबांना आधी काढलं आणि मग थोडं पुसलं.

एक गोष्ट त्या धंद्यातल्या ज्याला त्याला माहीत असते. दगडावर जे उजवीकडं, ते कागदावर डावीकडं येतं. त्यामुळं दगडावर सगळं उलटं काढावं लागतं. अक्षरांची अडचण नव्हती. आमच्या छापखान्यात एक म्हातारे कातिबचाचा होते, ते मसाला चोपडलेल्या पिवळ्या कागदावर सरळ लिहायचे, तो कागद दगडावर दाबला की अक्षरं आपोआप उलटी उतरायची आणि छापताना सुलटी यायची. पण चित्र काढणारा थेट दगडावर काढायचा. तिकिटं काढणारे चित्रकार आरसा समोर ठेवून काढत.

नाना भाद्रपदात आले. पुण्याकडचे, पेन्शनीत निघालेले, बायको वारलेली. आमच्या समोरची खोली त्यांनी घेतली. मध्ये सामाईक अंगण, त्यात माझ्या आईची चूल. त्यांना चित्रांच्या गोष्टी छापायच्या होत्या. मालकांनी त्यांना छापखान्यात एक कोपरा दिला आणि दर मंगळवारच्या बाजाराला एक कागद निघायला लागला. एका कागदावर आठ चित्रं, प्रत्येकाखाली एक ओळ. गेनू नावाचा एक गुराखी, तो चोर शोधून काढतो. नाव होतं 'गेनूचा तपास'.

पहिले चार मंगळवार तो कागद कुणी घेतला नाही. चटणीवाल्यानं त्यात शेंगाचटणी बांधून दिली, मी तो कागद सोडवून तेलाच्या डागातून वाचला. मला आवडला. आमच्या गल्लीत दुसरं वाचायला काही नव्हतं, त्यामुळं आवडणं काही अवघड नव्हतं.

मग पोस्टमननं नानांची पेन्शनची कागदपत्रं आणली आणि वरचा शिक्का वाचला. तो शिक्का त्यानं पहिल्यांदा न्हाव्याला सांगितला, म्हणजे सगळ्या पेठेला सांगितला. नाना गुप्त पोलिसांत होते. एकोणीस वर्षं.

पुढच्या मंगळवारी कागद दुपारच्या आत संपला.

चित्रं तीच होती, हे मी पुन्हा सांगते. तोच गेनू, तीच म्हैस, काठीसारखे हातपाय. पण आता लोक ती चित्रं डोळ्यांजवळ धरून बघत. चहाच्या हॉटेलात चौघं एका कागदावर ओणवे व्हायचे. शेजारचे तेलुगू विणकर, ज्यांना मराठी वाचता यायचं नाही, ते माग थांबवून मला हाक मारायचे आणि ओळी वाचून घ्यायचे. प्रत्येकाला एकच बघायचं असायचं, यात आपण आहोत का. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की माणसं जाताना नानांच्या खोलीपुढून चपला न वाजवता जायची. नाना दारात दात घासत उभे असले तर वळसा घालून जायची. एका म्हाताऱ्या शिपायासारख्या दिसणाऱ्या माणसाला शहर एवढं भितं, हे बघून मी थक्क व्हायचे. आमच्या हेडमास्तरांना छड्या असूनही कुणी एवढं भीत नव्हतं.

आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की नानांच्या चित्रात माणसं डावरी आहेत.

राजाच्या तलवारीला डावा हात. गेनूच्या काठीला डावा. जात्यावर बसलेली म्हातारी डाव्या हातानं खुंटा फिरवते. त्यावरून जे चालू झालं ते आज सांगितलं तर खोटं वाटेल. डावरे ते पोलिसांच्या वहीत नाव असलेले, असं ठरलं. कुणी म्हणालं, पोलिसांना खूण कळवायची ही रीत आहे. आमच्या पेठेतला न्हावी जन्माचा डावरा. त्यानं भीतीनं उजव्या हातानं दाढ्या करायला घेतल्या आणि आठवडाभर पेठेतल्या पुरुषांच्या गालांवर चिरा दिसायला लागल्या.

"आरं, वस्तरा डाव्या हातात धर की!" आबा त्याला ओरडले.

"तुमाला काय हुतंय बोलायला? तुमचं नाव वहीत न्हाय."

"तुझं हाय व्हय?"

"मला काय म्हाईत? पण हात तर हाय न्हवं डावा!"

आता वाचणारा म्हणेल, छापखान्यातल्या माणसांना तरी कळायला हवं होतं. कळलं होतं. कातिबचाचांना पहिल्या दिवशीच कळलं होतं की हा माणूस दगडावर सुलटं काढतोय आणि त्याला उलटं येतंय हे ध्यानात नाही. आबांनाही दिसलं होतं. पण दोघंही गप्प. मी पुढं एकदा विचारलं तेव्हा चाचा पान जुळवत म्हणाले, "अगे बेटी, उनकू कौन बोलिंगा? सीआयडी का आदमी. मैं समझ्या, जानबूझके कर्रा."

म्हणजे ज्यांना चूक दिसली त्यांनासुद्धा ती चूक वाटली नाही. नवशिक्या माणसाचा हात चुकला असं एकदा नीट कुणी म्हणालं असतं तर संपलं असतं. पण एवढा मोठा माणूस चुकेल कसा, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

आमच्या घरात मात्र ही गंमत नव्हती. आईचा धाकटा भाऊ, माझा सदामामा, डावरा होता.

चार वर्षांपूर्वी शहरात दंगल झाली होती, लष्कर आलं होतं. त्या गडबडीत एका चौकीवर दगड पडले. पोलिसांच्या कागदात लिहिलं गेलं की एक उंच, तरणा, डावरा माणूस पुढं होता. तो मामाच होता. त्यानं दगड मारला होता, खोटं कशाला बोलू. त्याच दिवशी तो शेताशेतांनी चालत मोगलाईत गेला. तिकडं इंग्रजांचे पोलीस येत नसत. तेव्हापासून त्याचं तोंड आईनं बघितलं नव्हतं. त्या वर्षी त्याच्या पायात नारूचा किडा होऊन पाय सुजला, मोगलाईत कामाला कुणी ठेवेना, म्हणून तो परतला आणि अक्कलकोटच्या रस्त्याला दोन कोसांवर शिवलिंगप्पा नावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या ज्वारीत राखणीला राहिला. नाव बदलून मल्लू. ज्वारी कापून होईतो पाय बरा होईल, मग पुन्हा पलीकडं जायचं, असा बेत होता.

त्याला खायला आम्ही पोचवायचो. शनिवारी आई अंगणातल्या चुलीवर कडक भाकऱ्या करायची. पापडासारख्या पातळ, वाळवून खडखडीत केलेल्या, आठवडाभर टिकतात. चौदा. दिवसाला दोन. रविवारी छापखान्याला सुट्टी, आबा आणि मी गाठोडं घेऊन निघायचो. हुरड्याचे दिवस, सगळं शहर शेतांकडं निघालेलं. कुणी विचारलं तर हुरडा खायला चाललो, एवढं सांगितलं की पुरे.

ते रविवार माझ्या अंगात अजून आहेत. पहाटेचं दंव ज्वारीच्या पानांवर, पानं कडेनं धारदार, पोटऱ्यांना चरे पडायचे. शिवलिंगप्पा लांबूनच कानडीत ओरडायचे, "बा यव्वा, बा!" म्हणजे ये बाई, ये. आगटी आधीच फुललेली असायची. गूळभेंडी ज्वारीची कणसं निखाऱ्यात खुपसायची, करपल्याचा वास आला की काढायची आणि पोत्यावर चोळायची. हिरवे दाणे वाफाळत बाहेर यायचे. वर जवसाची चटणी. तोंड भाजायचं, तरी कुणी थांबायचं नाही. मामा उंच माळ्यावर उभा असायचा, डोक्यावर घोंगडं, आणि पाखरांवर गोफण फिरवायचा. डाव्या हातानं. गोफणीचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगता येत नाही. आधी वारा कापल्यासारखा, मग फट्‌. थवाच्या थवा उठायचा, आभाळावर मूठभर माती फेकल्यासारखा. मला वाटायचं, माझ्या मामासारखा माणूस जगात दुसरा नाही. तसे पुष्कळ असतात. पण दहाव्या वर्षी तसं वाटायलाच हवं.

आता त्या मंगळवारावर येते. कागद आला. सातव्या चित्रात ज्वारीचं शेत होतं. माळ्यावर एक उंच माणूस, डोक्यावर घोंगडं, डाव्या हातात गोफण. खाली ओळ होती, 'गेनूने त्याला लांबूनच ओळखले.'

मी ती ओळ आईला वाचून दाखवली. आईच्या हातात पीठ होतं. ती उठली, दार लावलं, आणि कागद चुलीत घातला. शहरात शेकड्यानं कागद खपले होते, एक जाळून काय होणार होतं? पण ते तिला सांगायची माझी छाती नव्हती.

आबा आले तेव्हा ती कुजबुजली, "तो दगड घासून टाका. उद्याच्या उद्या."

"त्याच दगडावर गिरणीचं तिकीट हाय. मोर. दोन हजार अजून छापायची हायती. दगड घासला तर मालक मला घासंल."

"सदाला कळवा मग. त्याला म्हणावं, ऊठ, जा."

"पायात नारू हाय त्याच्या. कुटं जाईल? आन मधल्या वारी मी शेताकडं निघालो तर समोरचा बघंल की. तो तर बघायलाच बसलाय."

समोरच्या खोलीत नाना दिव्याची काच पुसत होते. ते फक्त काच पुसत होते. पण त्या संध्याकाळी आम्हा तिघांनाही ते आम्हालाच बघताना दिसले.

दुसऱ्या दिवशी आई पाण्याला गेली आणि मी अंगण ओलांडून नानांच्या दारात उभी राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. मला आडून बोलता येत नव्हतं, अजून येत नाही.

"नाना, तुमी माज्या मामाला धरून देणार हाय का?"

ते पेन्सिलीला टोक करत होते. "कोण मामा?"

"तुमी काढलाय तो. गोफणवाला. डावरा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग कागद काढला, सातवं चित्र बघितलं. मग स्वतःचा उजवा हात बघितला. मग पुन्हा कागद. मग मागचे सगळे कागद काढून एकेक बघत गेले. त्यांचे कान लाल झाले. मी तोपर्यंत मोठ्या माणसाचे कान लाल झालेले बघितले नव्हते.

"मी तर उजव्या हातात काढली होती," ते हळू म्हणाले. "तुझा मामा डावरा आहे?"

"हाय."

"आणि राखणीला असतो?"

तेव्हा मला कळलं. त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी कुठलाही एक गोफणवाला काढला होता आणि तो दगडानं डावरा केला होता. मामाला मी धरून दिलं होतं. पोलिसाच्या दारात उभं राहून, माझ्या तोंडानं.

"जा घरी," नाना म्हणाले.

मी घरी गेले. आईला सांगितलं नाही. जेवले नाही. आई म्हणाली, पोटात जंत झाले असतील.

गुरुवारी दुपारी मी आबांची भाकरी घेऊन छापखान्यात गेले तेव्हा आत जमादार उभा होता. खाकी, पट्टा, हातात मंगळवारचा कागद. पोलीससुद्धा तो कागद बघत होते. इतर लोकांसारखेच बघत होते, एवढंच. मालक हात जोडल्यासारखे उभे. आबा वाळूत हात घालून थिजलेले. मी दाराच्या उंबऱ्याशीच थांबले.

"नाना," जमादार आदबीनं म्हणाला. तोही भीत होता. "हा कुटं बगितला?"

"कोण?"

"हा डावरा. आमच्याकडं एक डावरा चार वर्सं फरारी हाय. म्हटलं, तुमी खात्यातले. उगाच काडणार न्हाय."

नानांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी तिथं आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, तेही मला सांगता येणार नाही. ते उठले.

"जमादार, इकडं या. हा दगड. यात गोफण कुठल्या हातात आहे?"

जमादार वाकला. "उजव्या."

"आबा, शाई फिरवा. एक कागद काढा."

आबांनी पाण्याचा बोळा फिरवला, रूळ फिरवला, कागद ठेवला, दांडा ओढला. ठसा चांगला उठला. नानांनी ओला कागद जमादारापुढं धरला. गोफण डाव्या हातात.

"हे कसं वो?"

"दगडावर उलटं काढावं लागतं. मला ते ठाऊक नव्हतं. मला हे काम येत नाही, जमादार." मग त्यांनी जुने कागद पुढं टाकले. "हा राजा बघा. ही म्हातारी. हा मारुती, गदा बघा कुठल्या हातात आहे."

जमादार बघत राहिला. "मारुती बी डावरा?"

"मारुती बी."

जमादार हसला. मालक हसले. यंत्रावरची माणसं हसली. चाचांनी तोंडाला रुमाल लावला.

"पर तुमी तर सीआयडीत हुता," जमादार म्हणाला. त्याला जरा फसल्यासारखं वाटत असावं.

"खात्यात होतो. फिरता नव्हतो. एकोणीस वर्षं टेबलाशी बसून दुसऱ्यांचे रिपोर्ट चांगल्या अक्षरात उतरवून काढले. समोर चोर उभा केलात तरी मला ओळखू येणार नाही."

"मंग असा माणूस बगितलाच न्हाय म्हणता?"

"गोफणवाले शंभर बघितले. हुरड्याचे दिवस आहेत. हात कोण बघतं?"

एका पुरुषानं सात जणांसमोर, मला येत नाही, मी कुणी नव्हतो, असं म्हणताना मी तोवर ऐकलं नव्हतं. पुढच्या आयुष्यातही फारसं ऐकलं नाही. नवऱ्याच्या तोंडून तर कधीच नाही. त्या माणसाकडं घर नव्हतं, माणूस नव्हतं. होता तो फक्त शहरातला दरारा. तो त्यानं दगडावर ठेवला आणि स्वतः वाळू फिरवली.

जमादार कागद घडी करून गेला. तो पुन्हा आला नाही. डावऱ्या मारुतीची गोष्ट त्यानं चौकीत सांगितली, चौकीतून ती बाजारात गेली, आणि आठ दिवस पोरं नानांच्या मागं डावा हात वर करून चालायची.

आणि मग काय झालं, ऐका. न्हाव्यानं वस्तरा पुन्हा डाव्या हातात घेतला, पण दाढी करताना म्हणाला, "मला एक सांगा. खराच सीआयडीचा माणूस असंल तर तो काय म्हणंल? मला काय येत न्हाय, असंच म्हणंल की!"

सगळ्यांना ते पटलं. पुढच्या मंगळवारी नानांनी आरसा ठेवून माणसं उजवी काढली, तर लोक म्हणाले, आता उजवे सापडले. मला हसावं की काय करावं कळेना. माणसानं आपल्या तोंडानं सांगितलं, दगड दाखवला, तरी लोकांनी त्याला खाली उतरू दिलं नाही. एकदा एखाद्याला सगळं दिसतं असं ठरवलं की तो आंधळा झाला तरी लोक म्हणणार, डोळे मिटून बघतोय.

जमादार येऊन गेला त्याच आठवड्यातल्या रविवारी आबा गाठोडं घेऊन पुढं झाले. मी मागं चपला शोधत होते. नाना दारात दात घासत होते. त्यांनी मला बोटानं बोलावलं. तोंड धुतलं, पंच्याला पुसलं आणि शाळेत कविता म्हणायला लावणाऱ्या मास्तरांसारखं सरळ उभे राहून म्हणाले,

"गोदे, बुधवारी तू मला काही सांगितलं नाहीस."

"सांगितलं की."

"नाही. मला आधीच माहीत होतं. तुम्ही घरात तीन माणसं. तुझ्या बापाला मऊ भाकरी दुधात कुस्करून लागते. आणि तुझी आई दर शनिवारी चौदा कडक भाकऱ्या करते. चौदा, म्हणजे एका माणसाच्या सात दिवसांच्या. मार्गशीर्ष लागल्यापासून बघतोय. तेव्हा तू उगाच उपाशी राहू नकोस. जा, हुरडा खा."

मी गेले. शेतात पोचले. मग एवढा हुरडा खाल्ला की शिवलिंगप्पा म्हणाले, पोरीला कुणी आठवडाभर घातलं नाही का.

मामा ज्वारी कापून होईतो राहिला आणि चालत मोगलाईत गेला. पुढं खटले काढून घेतले तेव्हा परत आला, लग्न केलं, गिरणीत लागला, म्हातारा होऊन मेला. त्याच्या कानावर यातलं काही घातलं की म्हणायचा, "आपल्याला कुणी धरलं नसतं." पुरुषांना तसं वाटतं. नाना उन्हाळ्यात खोली सोडून गेले. कुठं, कुणाला ठाऊक नाही. पेठेत म्हणाले, बदली झाली.

आईला मी ते चौदा भाकऱ्यांचं सांगितलं ती मरायच्या आदल्या वर्षी. ती मग म्हणाली, "मी पाठ करून बसायचे गं चुलीला. त्यांना दिसलं कसं?"

तेच तर मी सत्तर वर्षं विचारतेय. ज्याला आपल्याच चित्रांतले हात उलटे छापलेले इतके आठवडे दिसले नाहीत, त्याला माझ्या आईच्या पाठीआडच्या भाकऱ्या दिसल्या? की त्या पोरीच्या पोटात अन्न जावं म्हणून त्यानं बुधवारनंतर कधीतरी बसून त्या मोजल्या? का शनिवारी वाळत घातलेल्या बघून अंदाजानं बोलला? एकदा वाटतं, तो खरंच नुसता कारकून होता. एकदा वाटतं, न्हावी म्हणत होता तेच खरं. दोन्हीकडून विचार करून बघितला. चौथी शिकलेल्या बाईला याहून जास्त सांगता येत नाही.

परवा घरी परतताना पोरानं मला विचारलं, "पणजी, टोपीवर सतरा आकडा उगाचच असेल असं तुला कशावरून वाटतं?" म्हटलं, "उगाच नसंल बाबा. असंल काहीतरी." त्याला फार बरं वाटलं.

मला मात्र नानांनी भाकऱ्यांचा हिशेब सांगितला तेव्हापासून एक खोड लागली आहे. कुणाच्याही घरी जेवायला बसले की पहिल्यांदा घरातली माणसं बघते, मग टोपलीतल्या भाकऱ्या मोजते. जास्त भरल्या, तर मान खाली घालून जेवते. आणि कुणाला सांगत नाही.